अक्काने लपवलेली दोन बोटं

आमची अक्का, म्हणजे माझी मोठी नणंद भागीरथी, हिने आजवर किती लग्नं जुळवली ते तिलाच ठाऊक. सुरतेच्या कतारगामात आम्हा खानदेशी लोकांचं असं घर सापडायचं नाही, जिथे बसून हिने "मुलीचे मामा कुठले?" असं विचारलं नसेल. वही नाही, फोटो नाही, सगळं डोक्यात. आणि एक नियम पक्का: पोराचं, पोरीचं उणं आपल्या तोंडाने सांगायचं नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसेल.

माझंही लग्न हिनेच जुळवलं, आपल्या भावाशी. नवरा डाव्या कानाने ठार बहिरा आहे हे मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. जाब विचारला तर म्हणते, "अगं इंदू, लूमच्या खडखडाटात कापड विणणारे पुढे सगळेच बहिरे होतात. हा आधीच तयार होऊन बसलाय."

दोन वर्षांपूर्वी आमच्या माडीवरच्या खोलीत हनादी राहायला आली. सुदान देशाची पोर, सुरतेत कॉलेज शिकायला आलेली. ती इकडे असतानाच तिकडे लढाई पेटली. आई लहानपणीच गेलेली, बाप लढाईत गेला. उरली धाकटी बहीण अमना, बारा वर्षांची. ती आत्याबरोबर सरहद्दीकडे पायी निघाली होती. वाटेत गोळीबार झाला आणि पळापळीत आत्याच्या हातातून पोरीचा हात सुटला. आत्याने फोनवर एवढं सांगितलं. पुढे आत्याचाही फोन लागेना.

आमच्या खाली हिऱ्याचा कारखाना. हिरे घासायच्या चाकांची, म्हणजे घंट्यांची, घरघर दिवसभर चालते, तीत फोन ऐकू यायचा नाही म्हणून हनादी तो स्टीलच्या ताटात ठेवायची. ताट थरथरलं की हनादी, मी आणि आमच्याकडेच राहणारी अक्का, तिघीही हातातलं काम टाकून धावायचो. बातमी चांगली असो की वाईट, ताट सारखंच वाजणार ना!

सरहद्दीपलीकडे चाड म्हणून देश आहे. तिथल्या छावणीत हलीमा नावाची एक शिक्षिका होती. हरवलेल्या पोरांची माहिती लोक तिला फोनवर बोलून पाठवायचे आणि ती छावणीभर विचारत फिरायची.

"रडू नको. चाळीस वर्षं माणसंच शोधतेय मी," असं म्हणून अक्काने हनादीला समोर बसवलं आणि अगदी सोयरिकीला विचारावं तसं विचारलं. आजोळ कुठलं? चुलते किती? घरात पाणी कुठून यायचं? हनादी मोडक्या हिंदीत सांगायची, मग तेच आपल्या भाषेत फोनमध्ये बोलायची. शेवटी तिने डावा हात वर केला आणि करंगळी शेजारच्या बोटाला चिकटवून दाखवली. "अमना का ऐसा है. जन्म से."

अक्काने तिचा हात खाली दाबला. "ये नहीं बोलने का. लडकी की जात है. ऐसे हाथवाली को कौन संभालेगा? शांत है, हुशार है, काम में चपळ है, इतना बोल."

मोठ्या माणसाचं ऐकायचं म्हणून पोरीने ऐकलं. मी तिथेच मेथी निवडत होते. तशीच निवडत राहिले.

तीन महिने गेले. अमना नावाची पोर सापडायची आणि ती आपली नसायची.

मग एका रविवारी दुपारी हलीमाचा निरोप आला. ऐकता ऐकता हनादीचे ओठ पांढरे पडले. उद्या ट्रक येणार, छावणीतल्या बायका-पोरांना दूर दुसऱ्या छावणीत नेणार. तिकडे फोन लागत नाही. आणि घाबरलेली पोरं खरं नाव सांगतच नाहीत. तेव्हा नाव सोडा. अंगावर काही खूण आहे का?

अक्काच्या हातातली बशी कलली, चहा लुगड्यावर सांडला. घाबरली की ती सरळ अहिराणीवर येते.

"इंदू, मन्ही चूक शे वं."

अक्काने चूक कबूल केली! एरवी तिला टोमणा मारायची संधी मी सोडत नाही. त्या दिवशी मी नुसती तिच्या हातातली बशी काढून घेतली. तिनेच हनादीचं मनगट धरलं. "बोल. बोटाचं बोल. पहिलं बोटाचंच बोल!"

निरोप गेला. मग नुसतं ताटाकडे बघत बसणं. पोर आधीच दुसरीकडे गेली असेल तर? तीन महिन्यांत काही झालं असेल तर? आमच्या ह्यांनी दोनदा चहा मागितला. त्यांना वाटलं आपल्यालाच उत्तर ऐकू आलं नाही, म्हणून गेले बिचारे स्वतः चहा ठेवायला.

"तुला कानाचं सांगायला पाहिजे होतं मी," अक्का हळूच म्हणाली.

"सांगितलं असतं तर केलं असतं का मी लग्न?"

"म्हणून तर नाही सांगितलं."

हसू आलं नाही.

ताट थरथरलं. हनादी माझ्याकडे बघत मागे सरकली. "आजी, आप देखो."

मी फोन उचलला. फोटो होता. चेहरा नव्हता, नुसता एक हात, चटईवर ठेवलेला, धुळीने भरलेला. शेवटची दोन बोटं जुळलेली. मेलेल्या माणसांचे हात मी पाहिलेत, तेही असेच पडलेले असतात.

"काय आहे? बोल ना गं!" अक्का ओरडली. मी फोन तिच्यापुढे धरला.

इतक्यात फोन हातातच पुन्हा थरथरला. हनादीने बोट टेकवलं. आधी वारा, पोरांचा कालवा, मग एक बारीक आवाज: "हनो?"

तिला घरी असंच म्हणत. हनादी भिंतीला धरून खाली बसली.

अमना तिथेच होती. एका बाईने तिला आपली लेक म्हणून सरहद्द पार करून आणलं होतं, नाव झहरा सांगितलं होतं. आणि हात ती ओढणीत लपवून ठेवायची. हलीमाने सगळ्या पोरींना हात वर करायला लावले तेव्हा कुठे दिसली.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रकमध्ये ती चढली नाही. बहिणी-बहिणींना एकत्र आणायचे कागद चाललेत. कधी होतील देव जाणे. तोवर रोज फोनवर चेहरा दिसतो. पण ट्रक अजून दर सोमवारी येतात. सोमवारी फोनला उशीर झाला की अक्का ताटापाशी बसून राहते, चहाला हात लावत नाही. मग फोन येतो आणि अमना आधी डावा हात वर करते. अक्का बोटं नीट निरखून बघते, तेव्हा म्हणते, "हां. आता ठेव चहा, इंदू."