काढून टाकलेले हात

कालिंदीनं शहरातल्या गारखेडा भागातल्या आपल्या फ्लॅटची पुढची खोली नवजात बाळांच्या फोटोंसाठी राखून ठेवली होती. तिथं भर उन्हाळ्यातही हीटर चालू असे, कारण उघडं बाळ गारठलं की झोपत नाही. फळीवर वेताच्या टोपल्या, लोकरीच्या टोप्या, लाकडी चंद्रकोर. बारशाआधीची बाळं घेऊन लोक पार सिल्लोडपासून येत.

फोटो काढणं हे अर्धंच काम. उरलेलं लॅपटॉपवर. सोलवटलेली कातडी, काविळीची झाक, नखांचे ओरखडे ती सगळं पुसून टाकी. सर्वांना हवा असलेला एक फोटो होता: बाळ पालथं, कोपरं टेकलेली, हनुवटी स्वतःच्याच तळव्यांवर ठेवून झोपलेलं. एवढ्याशा जिवाची मान तशी राहत नाही. म्हणून आई एका फोटोत डोकं वरून धरते, दुसऱ्यात मनगटांना खालून आधार देते. दोन्ही जोडून कालिंदी आईचे हात काढून टाकी.

पाचोडची रूपा आपल्या तान्ह्या लेकीला, संस्कृतीला घेऊन आली, तेव्हाही तसंच झालं. सोबत सासू द्वारकाबाई आणि वाळूजच्या कंपनीत असणारा नवरा सुदर्शन.

"तुझाही एक काढू का बाळासोबत?" कालिंदीनं विचारलं.

"नको ताई, तोंड बघा कसं सुजलंय. पहिल्या वाढदिवसाला काढू, जरा बारीक झाल्यावर." मग लेकीची मनगटं धरता धरता रूपा म्हणाली, "माझे हात नाय ना दिसणार?"

"अजिबात नाही. कुणाला शंकासुद्धा येणार नाही."

फोटो गेले, सगळ्यांना आवडले. जागा अडते म्हणून मूळ फोटो नेहमीसारखे डिलीट झाले.

थंडीत द्वारकाबाई आणि सुदर्शन पुन्हा दारात उभे राहिले. मुलगी आता मान धरत होती, द्वारकाबाईंच्या खांद्यावरून इकडंतिकडं बघत होती.

"रूपा कुठंय?" कालिंदीनं सहज विचारलं.

"गेली ओ ताई," द्वारकाबाई म्हणाल्या. "ताप आला, उतरलाच नाय. दवाखाने केले लई."

कालिंदीनं पाणी आणलं. कुणी प्यायलं नाही.

"लग्नाचे फोटू हायेत तिचे," द्वारकाबाई पुढं म्हणाल्या. "पण पोरीसंगं एकबी नाय. मोबाइलवर पोरीचे फोटू तीच काढायची ना, मंग ती कशी येईल त्यात? तुमच्या फोटूत तिचे हात व्हते. मी हितंच बसले व्हते, बघितलंय. ते हात परत लावून द्या."

मूळ फोटो नाहीत, हे कालिंदीनं सांगून टाकलं. सुदर्शन खाली बघत म्हणाला, "मॅडम, मग कुणाचेबी लावा. पोरीला काय कळणारंय?"

दुसऱ्या दिवशी कालिंदीनं हिरव्या बांगड्या भरल्या, उशीला धरून स्वतःच्या हातांचे फोटो काढले आणि ते संस्कृतीच्या मनगटांखाली बसवले. जोड कुठंच दिसत नव्हता. ती बघत राहिली. कुणीतरी परकी बाई त्या पोरीला धरून होती. लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या कडेतून हात वर आले होते आणि बाईचा चेहरा कुठंच नव्हता. तिनं तो फोटो पुसला. बांगड्या काढताना एक फुटली.

तेव्हापासून कुणाचेही हात पुसायला बसलं की तिची बोटं माउसवर अडत. पडद्यावर आधी आईची बोटं नाहीशी होत, मग तळवा, मग मनगट, आणि बाळ अधांतरी राही. आजवर अशा किती आया पुसल्या, हा विचार तिला स्वयंपाक करतानाही सोडीना. नवरा मुकुंद म्हणाला, "अगं, आया जिवंत आहेत त्या." तिनं मान डोलावली, पण बरं काही वाटलं नाही.

शेवटी उन्हाळा लागता लागता ती रूपाच्या वेळचं जुनं मेमरी कार्ड घेऊन पैठण गेटच्या एका दुकानात गेली. पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या त्या माणसानं बरीच खटपट केली. एकच फाइल उघडली, तीही अर्धी. वरच्या भागावर करडे पट्टे, त्यांत बाळाचे डोळे, कपाळ सगळं गेलेलं. खाली एवढीशी हनुवटी, तिच्याखाली इवलेसे तळवे, आणि मनगटांना धरलेले रूपाचे दोन हात. स्पष्ट.

कालिंदीनं त्यावर काहीही केलं नाही. पट्टेसुद्धा झाकले नाहीत. तसाच छापून ती स्वतः पाचोडला घेऊन गेली.

सुदर्शननं फोटो बराच वेळ धरला. "हे तिचेच कशावरून?" त्यानं हळू विचारलं.

द्वारकाबाईंनी फोटो त्याच्या हातातून घेतला आणि अंगठ्याजवळच्या काळपट डागावर बोट ठेवलं. "तव्याचा चटका. तुला भाकरी वाढताना रोज दिसत व्हता की रं."

सुदर्शन उठून बाहेर गेला, गोठ्याकडं तोंड करून उभा राहिला. आत यायला कुणी हाक मारली नाही. द्वारकाबाईंनी फोटो भिंतीला टेकवला. संस्कृतीनं रांगत जाऊन त्यावर तळहात आपटले, आणि सगळे ती काय करते ते बघत राहिले.

कालिंदीचं काम अजून चालू आहे. हनुवटीचा तो फोटो मात्र ती काढत नाही. आईबाप हट्ट करतात, रागावून दुसरीकडं जातात. पण टोपलीतलं साधं झोपलेलं बाळ पडद्यावर घेतलं, तरी दुलईची एखादी घडी तिला वाकलेल्या बोटासारखी दिसते. ती फोटो मोठा करून बघते. घडीच असते. ती सारखी करायला माउस पुढं नेते आणि थांबते. घडी तशीच राहू देते.