बाबांनी 'घेतली' दाबलं

मंडळी, तीन अ‍ॅप वापरून बघून काढून टाकल्यावर गेल्या आठवड्यात बाबांच्या फोनवर गोळ्यांची आठवण करून देणारं एक फुकट, मराठी अ‍ॅप टाकलं. त्यांनी 'घेतली' दाबलं की इथे कर्वेनगरात माझ्या फोनवर हिरवी खूण येते. रोज येत होती. मी निर्धास्त.

आज नारायण पेठेत त्यांच्याकडे गेले, तर बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप फोडलेलीसुद्धा नाही!

"अहो बाबा, रोज 'घेतली' दाबता ना?"

"दाबतो की. त्याशिवाय ते गप्प बसत नाही. दुपारी झोपू देईल तर शपथ."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. पुन्हा अ‍ॅप शोधत बसलेय.

आई होती तेव्हा गोळी त्यांच्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. असं एखादं अ‍ॅप आहे का हो कुणाकडे?