सातवा हापसा

“हापसा फेल कुणी लिवला?”

टेबलापुढं उभ्या राहिलेल्या काशीबाईंनी एवढंच विचारलं. वय साठीच्या पुढचं, वस्तीवरून ऑफिसपर्यंत पायी आलेल्या. बंद हापशांच्या यादीवर सही माझी होती. मी मान खाली घालून उगाच रजिस्टर चाळत राहिलो.

पंचायत समितीत मी हातपंपांचा मेकॅनिक होतो. आमच्या बीड जिल्ह्यात हातपंपाला हापसा म्हणतात आणि तो कशानंही बंद पडला तरी फेलच म्हणतात. बोअरचं पाणी आटलं, फेल. आतला रॉड तुटला, फेल. पाइपला भोक पडलं, तरी फेल. ट्रॅक्टरची बॅटरी फेल, पेरणी फेल, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यातून कुणी किडनी फेल म्हणून परत आलं की पुढचं कुणी विचारत नाही. रजिस्टरातला रकाना बोटभर रुंद, त्यात हा शब्द बरोबर मावायचा. मला तर तो फारच सोयीचा वाटे.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला. गावाला टँकर हवा असेल तर गावात पाण्याचं एकही ठिकाण चालू असता कामा नये, असा दंडक होता. काशीबाईंच्या गावात सात हापसे. सहा मी स्वतः हापसून पाहिले, नुसता खडखडाट. सातवा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. तिकडं निघालो तर चेअरमननी हात धरला. गावच्या दूध संस्थेचे हे चेअरमन, सरपंचही तेच. माणूस वाईट नव्हता. संस्थेचं दूध निम्म्यावर आलं होतं आणि लोक दावणीच्या जनावरांना बाजार दाखवायला लागले होते.

“मिस्त्री, वस्तीवर कोन ऱ्हायलंय? समदे ऊस तोडाया कोयत्यावर गेलेत,” ते म्हणाले. “त्यो एक हापसा चालू लिवला तर गावाला टँकर न्हाई. लिवा फेल.”

संस्थेच्या ओट्यावर चहा पीत मी सातव्यापुढंही फेल लिहिलं. न पाहता. आमच्या खात्यात ही रीतच पडली होती आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. टँकर आला. चेअरमननी नारळ देऊन माझा सत्कार केला. खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं.

पण वस्तीवर काशीबाई होत्या आणि त्यांची नात सुरेखा होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. सुरेखा दहावीला, परीक्षा मार्चमध्ये, म्हणून तिला आजीपाशी ठेवलेली. त्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सातवा हापसा रडतखडत का होईना घागर भरून देत होता, तोवर दोघींचं निभत होतं. टँकर सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत तो बंद पडला, म्हणून काशीबाई माझ्या टेबलापुढं आल्या होत्या.

टँकरचं पाणी घ्या ना मावशी, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

“टँकर वड्याच्या अल्याडच हिरीत रिकामा हुतो. कवा यील त्याचा नेम न्हाई. माज्यानं घागर उचलत न्हाई, पोरगी साळा बुडवून दिसभर हिरीवर बसती. परीक्षा हुईस्तवर तरी हापसा चालू करून द्या, बाबा.”

दांडा हलका लागतो का, हे मी विचारलं. त्या हो म्हणाल्या. म्हणजे बिघाड कळला. पाइपच्या तळाशी चामड्याचे वॉशर असतात, ते पाणी वर ओढून आणतात. ते झिजले की पाणी मधूनच खाली निसटतं. तीन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम.

मी साहेबांकडं गेलो. फेल लिहिलेल्या हापशाला स्टोअरमधून सामान मिळत नाही, ते म्हणाले. चूक माझी आहे, दुरुस्ती करून चालू लिहितो, असं मी सांगून पाहिलं.

“लिही की. उद्या गावाचा टँकर बंद होईल. ते गावात जाऊन तूच सांग.”

मी गेलो नाही. काशीबाईंना म्हणालो, बघतो. आमच्या ‘बघतो’चा अर्थ त्यांना माहीत असणारच, तरी त्यांनी हात जोडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढचे बारा दिवस मी नुसते घाबरत काढले. मग एका रविवारी सिरसाळ्याच्या बाजारातून स्वतःच वॉशर घेतले, ओळखीची दोन माणसं सोबत घेतली आणि गुपचूप वस्ती गाठली. काशीबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारचा म्हातारा बाजेवर बसला होता.

“परवा पोरीचा बाप आलता. पानी न्हाई तर ऱ्हायचं कशापायी, म्हनला. दोघींनाबी घिऊन गेला.”

“पुस्तकं नेली का तिनं?”

“कोयत्यावर कशाला लागत्यात?”

आम्ही पाइप काढले, वॉशर बदलले. दुपारपर्यंत पाणी आलं, चांगलं धो धो आलं. म्हाताऱ्यानं एक घागर भरून घेतली. भरायला दुसरं कुणी नव्हतं.

मार्चनंतर मी सुरेखाच्या शाळेचा हापसा दुरुस्त करायला गेलो होतो. हेडमास्तरांना तिच्याबद्दल विचारलं. त्यांनी कपाट उघडून तिचं हॉल तिकीट दाखवलं. कुणी न्यायलाच आलं नव्हतं.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी रजिस्टरात फेल लिहिलं नाही. वॉशर झिजला, रॉड तुटला, पाणी आटलं, जे असेल ते लिहायचो. जिथं गेलो नाही तिथं ‘पाहिला नाही’ असं लिहायचो. रकान्यात मावत नाही म्हणून साहेब कुरकुर करायचे. मी समासात लिहायचो.