काटा निम्म्यावर

आमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याला एक काम असायचं. चढ लागला की आबा विचारायचे, "काटा?" आणि बाजूच्यानं जरा वाकून बघून सांगायचं, "निम्म्यावर." आबा म्हणजे माझे वडील, आणि काटा इंजिनाच्या तापमानाचा. गाडी मी कॉलेजात असताना आणलेली, उंच, डिझेलची, सात माणसं बसतील अशी. चढावर चालवणाऱ्यानं रस्त्यावरची नजर काढायची नाही असा आबांचा दंडक होता, म्हणून काटा दुसऱ्यानं बघायचा. कॉलेजात गेलेली घोडी असूनसुद्धा मी धाकट्या भावाशी त्या सीटसाठी भांडायचे. पुढे मी लग्न होऊन तळेगावला आले, भाऊ नोकरीसाठी पुण्यात गेला आणि ती सीट कायमची आईची झाली.

निम्म्यावर म्हणजे खरं तर निम्म्याच्या किंचित खाली. काटा तिथं येऊन ठरला की आबांचा चेहरा निवळायचा. बाकीच्यांना गाडी तापली की काळजी वाटते. आबांना ती थंड राहिली तरी वाटायची. काही गॅरेजवाले गाडी तापते म्हणून तिचा थर्मोस्टॅटच काढून टाकतात, त्याचा त्यांना फार राग. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचं झापड. इंजिन नीट गरम होईपर्यंत ते मिटलेलं राहतं, मग उघडून पाणी निवायला सोडतं. ते काढून टाकलं तर काटा वर चढतच नाही आणि मालक खुशीत असतो, पण थंड इंजिन डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं. "अंगात थोडी ऊब पायजेच," आबा म्हणायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी आवाज चढवला की ते आईला म्हणायचे, "हिचं झापड बंदच आडकलंय बघ."

आंबीच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली, शेती सांभाळून. निवृत्त झाले आणि गुडघे दुखायला लागल्यावर शेत चुलत्याकडे दिलं. उरली ती गाडी. सकाळी इंजिन गार असतानाच बॉनेट उघडायचं. पाण्याचे रबरी होज पाइप अंगठ्यानं दाबून बघायचे. फार मऊ लागला की गेला, कडक लागला तरी गेला. भाताचं तूस, गवताचं बी, मेलेले किडे रेडिएटरच्या जाळीत अडकून बसतात, ते मऊ ब्रशनं झाडायचं. पाणी विहिरीचं घालायचं नाही, त्याचे क्षार आत धरतात. कूलंट मिसळलेलं शुद्ध पाणीच घालायचं. आमच्या टाकवे बुद्रुक गावातली निम्मी गाडीवाली मंडळी हे त्यांच्याकडून ऐकून कंटाळली होती. मला मात्र ते बघायला आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आबांची सत्तरी उलटल्यावर मी आणि भावानं त्यांच्या मागे लकडा लावला, की आता पुरे. गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसायला लागले होते. आबा म्हणायचे, म्हशीनं शिंग घासलं. मी म्हटलं, "म्हशीच्या शिंगाला रंग लागलेला असतो का हो?" तर उठून बाहेर गेले. मला खरी चीड आली ती आईची. ती दर वेळी त्यांचीच बाजू घ्यायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडी काडून घेतलीस तर ते दिसभर काय करत्याल? ओट्यावर बसून लोकं मोजत्याल? तसं बसल्याली मानसं फार दिस ऱ्हात न्हाईत, बाई."

गाडी चालली तर अपघाताची भीती, थांबली तर आबांची. आणि ते दोघं दर रविवारी तिच्यातून कुठंतरी जातात, कधी वडगावच्या बाजाराला, कधी उगाच धरणाच्या कडेनं, आणि जाताना बोलतात, हेही मला ठाऊक होतं. घरात ते फारसे बोलत नसत.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नवा इंद्रायणी तांदूळ मावशीकडे पोचवायचा होता. मावशीचं गाव लोणावळ्याच्या पुढं, भुशी धरणावरून जो रस्ता वर चढतो त्या बाजूला. मी म्हटलं, मीही येते. मनात होतं की आबांचं चालवणं डोळ्यांनी बघायचं आणि आल्यावर एकदाचा निकाल लावायचा. मी मागे बसले, तांदळाच्या गोणीशेजारी.

कान्हे फाट्यापर्यंत मी रस्ताच बघत होते. मग माझं लक्ष आईकडे गेलं. ती सारखी बोलत होती, पण तिच्या बोलण्याला काही विषयच नव्हता. "ट्रॅक्टर चाललाय म्होरं, उसाचा." "फटफटीवाला मदीच आला बघा." "हितं खड्डा व्हता ना मागल्या टायमाला?" अगदी गप्पा माराव्यात तसा आवाज. आणि प्रत्येक वाक्यानंतर आबांचा पाय हलत होता, हात वळत होता.

गाडी आई चालवत होती. तोंडानं.

किती दिवसांपासून, कोण जाणे. मला त्याच क्षणी ओरडावंसं वाटलं, आणि ओरडले असते तर त्या वाहतुकीत काय झालं असतं या भीतीनं मी ओठ दाबून बसले. कामशेत मागे पडलं, कार्ल्याचा फाटा गेला. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. त्यात आईलाही सोडणार नव्हते.

लोणावळ्यात रविवारची गर्दी. चिक्कीच्या दुकानांपुढं गाड्या वाटेल तशा लावलेल्या, आम्ही मुंगीच्या पावलानं सरकतोय, ऊन काचेतून आत आणि एसी चालू. भुशीपर्यंत असंच. पुढं चढाला लागलो तसं आबांनी विचारलं, "काटा?"

आई वाकली. "निम्म्यावर."

मला कसलासा गोडसर, उष्ण वास आला. गूळ करपल्यासारखा. पहिल्या वळणाला मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वळणाला आबांनी पुन्हा विचारलं, आई पुन्हा वाकली, पुन्हा म्हणाली, "निम्म्यावर हाय." तेव्हा मी दोन सीटांच्या मधून मान पुढं काढली. काटा लाल पट्टीच्या पार टोकाला जाऊन टेकला होता.

"आबा, थांबवा! लाल झालंय!"

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यात एकही चूक नव्हती. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची उष्णता आमच्या अंगावर येऊ दे पण तिथून निघू दे. मी सांगितलं तशी गाडी मोकळ्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली होती. मागच्या गाडीतली पर्यटक पोरं धावत आली, एकाच्या हातात गार पाण्याची बाटली. "अंकल, रेडिएटरचं झाकण खोलू का?" आबा कडाडले, "हात लावू नका! उकळतं पानी त्वांडावर येईल." मग जरा नरम होऊन म्हणाले, "गार पानी तर आजाबात नको, बाळा. इंजिनाचं हेड तडकतं. वाट बघायची, बस्स." पोरं थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

आम्ही तिघं कठड्यावर बसलो. खाली दरी, समोर पिवळं पडत चाललेलं गवत. माझं भाषण तयार होतं. पण आबांनीच आधी आईला विचारलं, अगदी हळू.

"तुला काटा दिसला न्हाई?"

आई पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "न्हाई."

"आज न्हाई दिसला?"

"लय दिस झालं. नुस्तं धुरकट दिसतंय. काट्याचं न्हाई कळत."

"मंग सांगत कशी व्हतीस?"

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "रोज सकाळी तुमी तिच्यापाशी आसता. तुमी केल्याली गाडी कशाला तापंल?"

रस्त्यावरून हॉर्न वाजवत गाड्या जात होत्या. मग आबा म्हणाले, "आन मी तुज्या डोळ्यावर चालवत व्हतो."

माझं भाषण गेलं कुठल्या कुठं. राग गेला नाही, हे मात्र सांगते. अजून गेलेला नाही. मोठे आकार तेवढे आईला दिसत होते, ट्रॅक्टर, मोटरसायकल. रस्ता ओलांडणारं एखादं पोर तिच्या धुरकटात आलं असतं तर? या दोघांचं एकमेकांवरचं प्रेम त्या पोराच्या आईला सांगून भागलं नसतं. पण त्या कठड्यावर मला रडूही येत होतं. आजवर मला वाटायचं, त्यांचा संसार म्हणजे सवय. इतका आंधळा भरवसा त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तो बघायला मिळाला तोही असा, लाल पट्टीवर.

गाडी निवल्यावर आबांनी बॉनेट उघडलं. बघितलं नाही, चाचपलं. होज पाइपवरून हात फिरवत खालच्या टोकाला आले आणि बोटं ओली झाली. पाइप आवळणारी क्लिप सैल होऊन कूलंट थेंबथेंब गळत होतं. मी विचारलं, "सकाळी टाकी बघितली होती ना?" त्यांनी होकाराची मान हलवली. कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर वर्षानुवर्षांचा हिरवा डाग बसला होता, बरोबर भरल्याच्या खुणेपर्यंत. त्यांना तो डाग दिसत होता, आणि ते टाकी भरलेली समजत होते. टाकी रिकामी होती. मी त्यांचा हात धरून बोट टाकीत घातलं. कोरडं बोट त्यांनी बराच वेळ अंगठ्यावर घासलं.

स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन त्यांनीच क्लिप आवळली. फडकं टाकून, जरा जरा फिरवत रेडिएटरचं झाकण काढलं आणि गाडीतलं पाणी बेताबेतानं ओतलं. आणि हात पुसता पुसता किल्ली माझ्यापुढं धरली. "तू घे." मी काही मागितलं नव्हतं. आबा मागे जाऊन गोणीशेजारी बसले, आणि आई पुढची सीट सोडून त्यांच्या पलीकडे जाऊन बसली. मावशीच्या दारात पोचेपर्यंत मी आरशात बघायचं टाळलं.

त्याच आठवड्यात मी दोघांना तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आईचा मोतीबिंदू होता, पिकलेला, ऑपरेशननं जाण्यासारखा. आबांचं तसं नव्हतं. डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज झाली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की कडेकडेनं दिसत राहील, पण जिकडे सरळ बघाल तिथंच नेमकं धुकं. आहे तेवढं सांभाळायचं, गेलेलं परत येत नाही. आबांनी एकच विचारलं, "गाडी?" त्या म्हणाल्या, "नाही, आबा." त्यांनी होकार दिला, उठले, आणि दार शोधताना भिंतीला हात लावला. मला वाटतं, त्यांना हे आधीपासून माहीत होतं. फक्त कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

आई म्हणाली होती तसं होईल, या धसक्यात मी तो महिना काढला. आबा ओट्यावर बसायला लागले. बॉनेट उघडत नव्हते. जेवण कमी झालं. कुणी गाडीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "लेकीला इचारा." मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि त्यांचा आवाज ऐकून फोन ठेवल्यावर नवऱ्यावर खेकसायचे.

आईचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मी तिला घेऊन गेले आणि त्याच गाडीतून घरी आणलं. वाटेत ती घोरावाडी स्टेशनची पाटी वाचत होती, दुकानांच्या पाट्या वाचत होती, पोरीसारखी. घरापाशी उतरली. आबा ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दाढीची राहिलेली खुंटं, गालाची खळगी, गळ्याची सैल कातडी, सगळं तिला एकदम दिसलं असावं. ती खाली बसली आणि त्यांच्या गालावर हात ठेवला.

"लय म्हातारं झालात की वो तुमी," ती म्हणाली. "मला म्हाईतच न्हाई."

आबांनी तिच्याकडे सरळ बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते मला आठवलं, की सरळ बघितलं की तिथंच धुकं. तरी ते सरळच बघत राहिले.

"तू न्हाई झालीस," आबा म्हणाले.