मांडवात माणूस आहे

भंडारा जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जो काही सामाजिक बदल झाला तो सगळा आमच्या साडूंच्या कापडाखाली झाला, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं, म्हणून कोणी तो घालत नाही. ते माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. मोहाडीत तहसील कचेरीच्या अगदी समोर त्यांचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, जेवणाची भांडी, लाऊडस्पीकर, सगळं तिथे भाड्याने मिळतं. आता कचेरीसमोर दुकान थाटणाऱ्या शहाण्या माणसाने स्टॅम्पपेपर विकावेत, झेरॉक्सचं मशीन ठेवावं, नाहीतर चहा-भजी तरी करावीत. यांनी मांडव ठेवले. त्यामुळे एखादी संघटना निवेदन घेऊन आली, साहेब भेटले नाहीत आणि इथेच बसायचं ठरलं, की रस्त्यापलीकडे सावली तयार. मला कधीकधी शंका येते की मोहाडी तालुक्यातले लोक मुळात तापट नाहीत, मांडव जवळ आहे म्हणून आंदोलनं करतात.

नुसता धंदा केला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण साडूंना प्रत्येक गोष्टीत मत असतं, आणि ते गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय त्यांच्या हातून सुतळी सुटत नाही. मांडव मागायला आलेल्या माणसाकडून ते आधी निवेदन मागून घेतात आणि चष्मा लावून वाचतात. एकदा एका तरुण कार्यकर्त्याने पानभर मागण्या लिहून आणल्या होत्या. साडूंनी खिशातलं पेन काढून एक सोडून सगळ्या खोडल्या. म्हणाले, "एवढं साहेब वाचत नाही. एकच मांगा, पण हालू नका." पोरगा रडकुंडीला आला, कारण खोडलेल्यांत शेतमालाच्या भावापासून जागतिक शांततेपर्यंत सगळं होतं आणि उरला होता गावचा बंद पडलेला हातपंप. पुढे हातपंप खरोखरच दुरुस्त झाला, आणि त्या दिवसापासून साडू स्वतःला जिल्ह्यातल्या तमाम चळवळींचे सल्लागार समजू लागले.

त्यांचं कापड हा आणखी एक ताप. गुलाबी फुलांचं, सोनेरी झालरीचं, अस्सल लग्नाचं कापड. आंदोलनासाठी एखादं साधं पांढरं शिवून घ्या असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, माणूस हक्कासाठी बसला तर त्याला मळकट कापडाखाली कायले बसवायचं? मग उपोषणकर्त्यांना नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्याही यायला लागल्या. एका बेमुदत उपोषणाचा फोटो पेपरात आला तेव्हा माझ्या नागपूरच्या आतेभावाने साखरपुडा समजून फोन करून विचारलं होतं, साक्षगंध कोणाचं झालं, आणि सगळ्यांची तोंडं अशी उतरलेली काहून आहेत?

नेत्यांच्या सभांचा माईकही त्यांचाच, सगळ्या पक्षांचा. यात त्यांची मखलाशी अशी की भाषणात न पटणारं वाक्य आलं की मशीन गरम होतं. नेता दणकून आश्वासन देतो आहे आणि भोंग्यातून नुसती घरघर येते आहे, असं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वाक्य संपलं की आवाज स्वच्छ. दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणून डाफरतात आणि पुढच्या सभेला पुन्हा त्यांनाच सांगतात, कारण दुसरा माईकवाला तुमसरहून यावा लागतो.

घरी आले तर आमचं स्वयंपाकघर धरणीकंप झाल्यासारखं हादरतं. बिस्किटाचा पुडा उलटून तो कोणी बनवला, त्या कंपनीने कुठली जमीन घेतली, तिथल्या कामगारांचं काय झालं, ही सगळी चौकशी झाल्यावर ते बिस्कीट परत पुड्यात ठेवतात. असल्या बहिष्कारापायी त्यांनी टूथपेस्ट सोडली, थंड पेयं सोडली, साबण बदलला. मोबाईल कंपनी तर इतक्या वेळा बदलली की त्यांचा चालू नंबर कोणता हे फक्त मेहुणीला माहीत असतं. ती बिचारी माझ्या बायकोजवळ म्हणते, "बाई, याईचा बहिष्कार माया सैपाकावर कधी पडन सांगता येत नाही."

पण या सगळ्यावर कडी करणारा त्यांचा एक नियम आहे. धंदा त्यांच्या वडिलांचा. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की मांडवात माणूस बसलेला असेल तोवर खांबाला हात लावायचा नाही. लग्नाच्या मांडवासाठी ही शहाणपणाची गोष्ट होती. उशिरा आलेला पाहुणा पंगतीला बसला असताना डोक्यावरचं कापड ओढणं हा त्याचा अपमान. साडूंनी हाच नियम धरणे आंदोलनाला लावला. एका दिवसाच्या बोलीवर नेलेला मांडव मग आठवडा आठवडा हलेना. कार्यकर्त्यांनाही ही मेख लवकरच कळली. पुढारी दुपारी जेवायला घरी जात आणि गादीवर गावातला एखादा म्हातारा बसवून जात. मागणी मान्य होऊन पेढे वाटून झाल्यावरही एक आजोबा उठेनात, कारण पंखा चांगला होता. साडू त्यांना चहा पाजत समोर बसून राहिले, पण खुंटी उपसली नाही.

मागच्या उन्हाळ्यात हा नियम माझ्या घरावर येऊन आदळला.

झालं असं. आमच्या भागात जुन्या मालगुजारांच्या काळचे तलाव आहेत. धानाला पाणी त्यांचं आणि मासे धरणाऱ्या ढिवरांचं पोटही त्यांच्यावर. मोहाडीजवळच्या एका गावातल्या तलावाचा ठेका वर्षानुवर्षं तिथल्या ढिवरांच्या सोसायटीकडे होता. तो बाहेरच्या एका कंपनीला देण्याचं घाटत होतं. कंपनी पाण्यात पिंजरे टाकून मासे वाढवणार होती आणि मग गावकऱ्यांना जाळं टाकायला बंदी. ढिवरांच्या बाया कचेरीसमोर येऊन बसल्या. बाया पुष्कळ, म्हणून साडूंनी आपला सगळ्यांत मोठा मांडव टाकला. ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. त्या मांडवाशिवाय धरणं दुपारपर्यंतही टिकलं नसतं, हे त्या बायांना ठाऊक होतं, कचेरीला ठाऊक होतं आणि कंपनीलाही. रिकामा दिसला तर रस्त्यावरचा मांडव जप्त करू, असं कचेरीतून कोणी सांगूनही गेलं होतं.

मग कंपनीचा मॅनेजर साडूंच्या दुकानात आला. तरुण, हसतमुख, फार गोड बोलणारा. कंपनी त्याच तलावाच्या पाळीवर याच बायांचा, मत्स्यसखी म्हणून, सन्मान सोहळा घेणार होती. प्रत्येक बाईला लुगडं, टोपी आणि प्रमाणपत्र. मोठा मांडव हवा होता, आणि तो दिला तर पुढे कंपनीचे सगळे कार्यक्रम साडूंकडेच. उन्हात बायांच्या तब्येतीची कंपनीला काळजी वाटते, असंही तो म्हणाला, तेव्हा त्या घरी गेलेल्याच बऱ्या. साडूंनी चष्मा लावून पत्रिका वाचली. मला वाटतं त्यांनी पेनही काढलं असेल. मग म्हणाले, "सन्मान करायचा हाये तं तलाव राहू द्या ना जी त्यायच्यापाशी. लुगडी त्या घेऊन घेतीन." मॅनेजर हसतच निघून गेला. हे मी ऐकलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला साडूंचा अभिमान वाटला होता. पण माझा मांडव अडकेपर्यंतच तो टिकला.

माझ्या थोरलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं, आमच्या गावी, एकोडीला. ती लहान असताना साडूंच्या खांद्यावर बसून मोहाडीचा बाजार बघायची. हिचा मांडव मीच टाकणार, असं त्यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. लग्न ठरल्यावर येऊन अंगण मोजून गेले, कडुनिंबाची एक फांदी आड येते म्हणून माझ्याशी भांडून गेले. लग्नाचा आदला दिवस उजाडला तरी मांडवाचा पत्ता नाही, आणि फोन लावावा तर नंबर बदललेला. शेवटी मी एसटी पकडून मोहाडीला गेलो. आमच्या अंगणाच्या मापाचा तो गुलाबी मांडव कचेरीसमोर उभा होता आणि त्याच्याखाली बाया बसल्या होत्या.

मी शिक्षक माणूस. आवाज आपोआप चढतो. दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी त्यांना नातं, शब्द, लोक काय म्हणतील, सगळं ऐकवलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "गुरुजी, पोरगी माही बी हाये. पण मांडवात माणसं बसून हायेत."

माझं ओरडणं रस्त्यापलीकडे गेलंच होतं. त्या बायांत गिरजाबाई नावाची एक वयस्कर बाई पुढारी होती. ती उठून उभी राहिली. "पोरीच्या मांडवाआड येऊन आमी कोनत्या तोंडानं जाळं टाकावं जी? उठा वं बायांनो," असं म्हणून तिने पदर डोक्यावर घेतला. एकेक करत सगळ्या उठल्या आणि कचेरीच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून बसल्या. तिथे सावली म्हणजे नावाला होती. पोरीचं लग्न लागेपर्यंत आता या मांडवात पाऊल ठेवणार नाही, असं गिरजाबाईने बजावून सांगितलं.

मांडव रिकामा झाला. साडूंचा नियम आता आड येत नव्हता. ते गेले, एका खुंटीचा दोर त्यांनी सैल केला, आणि भिंतीकडे बघत तसेच थांबले. एक बाई पोराच्या डोक्यावर आपलीच सावली पाडायला बघत होती. साडूंनी तो दोर पुन्हा ताणून बांधला. मग चपला काढल्या आणि गादीच्या मधोमध मांडी घालून बसले.

"आता कसा काढता?" ते मला म्हणाले. "मांडवात माणूस हाये."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तडक एकोडीला परत आलो. गावच्या पोरांनी जांभळीच्या डहाळ्या तोडून आणल्या आणि आमच्याकडे पूर्वी घालत तसा हिरवा मांडव घातला. पाहुणे म्हणाले, वा, किती गार वाटतं. मी हो म्हणालो नाही. मेहुणी साडूंपाशी भाकरी ठेवून एकटीच लग्नाला आली. ते उठायला तयार नाहीत, आपल्या जागी दुसऱ्या कोणाला बसवायलाही तयार नाहीत, दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही म्हणतात, असं तिने सांगितलं. मंगलाष्टकं चालू असताना माझी लेक दोनदा तरी रस्त्याकडे बघताना मला दिसली, आणि मला साडूंचा इतका राग आला की अक्षता जरा जोरातच पडल्या.

मुलगा तुमसरचा. वरात मोहाडीवरूनच जाणार होती. मेहुणीला तिच्या घरी सोडायचं म्हणून मी तिच्यासोबत मागच्या गाडीत होतो. कचेरीसमोर पुढची गाडी थांबली आणि लेक शालूनिशी उतरून मांडवात गेली. ऊन उतरलं होतं. एवढ्या मोठ्या मांडवात साडू एकटेच बसले होते, डोक्याला पंचा, ओठ सुकलेले. तिने पाया पडायला हात लावले तसे ते गडबडले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "बाई, वरण कसं झालतं?"

लेकीने बाजूला पाहिलं. फडक्यात बांधलेली भाकरी तशीच होती. नळ होता रस्त्याच्या पलीकडे, आणि हातपाय धुतल्याशिवाय साडू घास घेत नाहीत.

"मावसाजी, जेवले नाही तुमी?"

"उठू कसा, बाई?"

ती शालू सावरून त्यांच्या शेजारी गादीवर बसली, मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि म्हणाली, "उठा आता. मी बसली आहे. हातपाय धुऊन या, मावशीनं डबा आणला आहे."

तिच्या सासरकडचे एकमेकांकडे बघायला लागले. जावईबापू घड्याळ बघणार होते, पण त्यांनी हात मागे घेतला. साडू गुडघ्यांवर हात टेकवून हळूहळू उठले आणि नळाकडे गेले. भिंतीपाशी गिरजाबाई उभी राहिली होती. पोरीचं लग्न लागलं होतं, तेव्हा तिचं बंधन सुटलं होतं. तिच्यामागून सगळ्या बाया कुंकू घेऊन मांडवात यायला लागल्या. साडू दुकानाच्या पायरीवर बसून माझ्या लेकीच्या लग्नाचं जेवण जेवत होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. पाण्याचा तांब्या पुढे केला.

तलाव यंदा सोसायटीकडेच राहिला. पुढच्या सालचं कोणी सांगावं. कंपनी दुसऱ्या तालुक्यात कोणाचा तरी सन्मान करायला गेली आहे. साडू सुधारलेले नाहीत. परवाच येऊन आमच्या चहापत्तीची चौकशी करून गेले, आणि मी पुन्हा त्यांच्यावर चिडलो.

लेकीच्या लग्नाच्या फोटोंत ते कुठेच नाहीत. बाया पोहोचायच्या आधी वरातीसोबतच्या फोटोग्राफरने मांडवाचा एक फोटो काढला होता, तो मात्र तिने तुमसरच्या घरात दर्शनी भिंतीवर लावला आहे. आलेले पाहुणे विचारतात, एवढ्या मोठ्या मांडवात नवरी एकटीच कशी बसली आहे? ती सांगते, मावसाजी जेवायला गेले होते.