येळवशीची पंगत

जातीवर गावात कुणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही नाटक बसवलं. मी शाळेत मास्तर, आणखी चौघं माझ्यासारखीच शेतकऱ्यांच्या घरची. दलित वस्तीतली एकच बाई आमच्यात होती, अंगणवाडीत मदतनीस. आम्ही पाठ केलेलं बोलायचो, ती भोगलेलं बोलायची. ती गेली तर नाटकात राम उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा प्रवेश मी येळवशीचा लिहिला होता. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोपी उभारून आत पूजा होते, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून आंबील पाजतात. नाटकात सगळे त्या कोपीपुढं एका पंगतीला बसत. तेर गावच्या प्रयोगानंतर चर्चेत एक म्हातारबा उठले, "येळवशीला आमच्या रानात कुणीबी जेवतंय. कसली जात अन् कसलं काय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या आणि हुरळून तिला म्हणालो, "ताई, यंदा येळवस आमच्या रानात."

ती आली, ठेवणीतली साडी नेसून. आमची पंगत कोपीपुढं बसलेली. आईनं हसून हाक मारली, "ये गं बाई. तू तिकडं लिंबाखाली टेक, सावली हाय." तिची पत्रावळ तिकडंच गेली. आम्हाला आंबील स्टीलच्या पेल्यात, तिला कागदी कपात. आईच्या मनात काडीचं वाईट नव्हतं, ती पाहुणचारच करत होती. आणि गावोगाव घसा ताणणारा मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आई म्हातारी आहे, सणाचा दिवस आहे, अशी कारणं भज्जी-भाकरीबरोबर गिळली. अजून माझी मलाच किळस येते.

जाताना ती एवढंच म्हणाली, "सर, तुमी उठून हिकडं आला असता तरी चाललं असतं."

त्यानंतर ती तालमीला आली नाही. दोनदा तिच्या घरी गेलो. तिनं चहा पाजला, आईची तब्येत विचारली, नाटकाचं नाव काढलं नाही. मलाही माफी मागता आली नाही.

उमरग्याच्या प्रयोगात तिचं काम आमच्यातल्याच एकीनं केलं. पाठांतर चोख होतं. चर्चेत मागून एक आजी उठल्या. "लई चांगलं केलं बाबा," त्या म्हणाल्या, "पर तुमच्यात आमच्या वस्तीतलं कोण हाय?"



"आहेत की," मी म्हणालो, "आज आल्या नाहीत."