पेटीवर न्हाई, पेटीखाली

वाडीतनं निघालो तवा येष्टीच्या खिडकीखाली आबा हुबा व्हता. आबा म्हंजी माझा बाप, आमच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला. दुसऱ्यांचं बाप सांगत्यात, नीट ऱ्हा, टायमाला जेव. आबा म्हनला, "तान्या, हात जप रं. बाकीचं तुझं काय जपन्यासारकं हाय आसं मला वाटत न्हाई."

आख्खी येष्टी हसली. मी बी हसलो. खोटं काय न्हवतं त्यात. साळंनं मला सोडलं का मी साळंला, ह्याचा निकाल आजून लागला न्हाई. आन सूर माझा आसा, की मी तोंड उघडलं की आबा पखवाजावर जोरात थाप मारायचा, झाकाय. शेवटी मंडळानं मला एकच काम दिलं. ह्या वाडीवरनं त्या वाडीवर भजनाला जाताना पेटी डोक्यावर घ्यायची. वाजवायचा गनपातात्या. मी निस्ता तिच्याखाली.

तर वाडीत ऱ्हायल्याली, आन माझ्यागत पोट घिऊन भाईर पडल्याली, समद्यास्नी ह्यो निरोप. मला लिवाय येत न्हाई. मी फोनात बोलतूय आन फोन लिवतूय. चुका त्येच्या, लाज माझी.

पुन्यात कुटंकुटं टिकलो न्हाई ते सांगत बसत न्हाई. जितं चिकटलो ते काम म्हंजी पियानो उचलायचं. भाड्यानं पियानो देनारा एक मालक हाय, त्येच्याकडं. पियानो म्हंजी आपल्या पेटीची आजी समजा. त्यातला ग्रँड म्हंजी गाभन म्हशीएवढा, आन म्हशीपरास नाजूक. पाय काडायचं, आडवा करायचा, गोधड्या गुंडाळायच्या, पट्टं आवळायचं, ट्रॉलीवर घ्यायचा. टेम्पोत त्येला धरून मी मागं बसतो. वाडीत पेटी डोक्यावर घिऊन चालायचो, हितं तिला मिठी मारून बसतो, एवढीच माझी परगती.

आमचा पियानो जितं जातो त्या गान्याला चेंबर म्युझिक म्हनत्यात. लहान खोलीत दोन-तीन मानसांनी बसून वाजवायचं. एक पियानोवर, एक व्हायोलिन, आन एक व्हायोलिनचा थोरला भाऊ, त्यो गुडघ्यात धरून वाजवायचा. माइक न्हाई, डीजे न्हाई. पयल्यांदा आईनं फोनवर इचारलं, काय काम करतूस, तवा मी ऐटीत म्हनलं, "चेंबरवाल्यांच्यात हाय." आता आपल्याकडं चेंबर म्हंजी गटार. आई हळूच म्हनली, "उतरताना तोंडाला फडकं बांदतूस न्हवं रं बाळा?"

"आगं गटार न्हवं आई! मी पेटीवर हाय, पेटीवर!"

पियानोला आमी कामावरची पोरं पेटीच म्हनतो. मी पेटीवर हाय, म्हंजी पेटीच्या गाडीवर हाय, माझ्या टकुऱ्यात इतकंच. पर भजनवाल्याच्या घरात "पेटीवर कोन हाय?" म्हंजी वाजवाय कोन बसलंय. हे मला, भजनात वाढल्याल्या मानसाला, सुचलं न्हाई. आईनं आबाला सांगितलं. आबानं वाडीला.

आता शनवारी सांगलीत आन आयतवारी साताऱ्यात ह्यांचा प्रोग्रॅम हाय. मुंबैच्या एक बाई पियानो वाजवनार. काडीगत बाई, पर बोटं पडाय लागली की पडद्यामागं मला बिडीची याद येत न्हाई. मी आपला खुशीत बाळ्याला फोन केला. बाळ्या माझा दोस्त, आटपाडीत त्येचं फ्लेक्सचं दुकान. म्हनलं, "गड्या, शनवारी सांगलीत हाय, पियानो घिऊन." त्येनं दुसऱ्या दिवशी फोटू पाटवला. वाडीच्या स्टॉपवर, पिंपळाखाली, घराएवढा फ्लेक्स. वर मोठं अक्षर. मला येत न्हाई म्हनून टेम्पोच्या डायवरनं वाचलं: "वाडीचे सुपुत्र, पियानोसम्राट मा. तानाजीभाऊ यांस हार्दिक शुभेच्छा." खाली मी, पियानोम्होरं बसल्याला. त्यो फोटू मी पियानो पुसताना काडल्याला. बाळ्यानं हातातलं फडकं कापून टाकलंया.

मी गोडाऊनच्या मागं जाऊन बसलो. गाव सोडताना रडलो न्हवतो तेवढा तितं तोंड झाकून रडलो. तेवढ्यात बाई पियानो बघाय आल्या. "तानाजी, काय झालं?" मी फोन दावला. बाई हसल्या न्हाईत, त्येची लाज आनिक येगळी. म्हनाल्या, "मग शनिवारी मी काय करू? तुझ्या शेजारी नोटेशनची पानं उलटायला बसू?"

म्हागनं कळलं, मंडळानं जीप ठरवलीया. गनपातात्यानं टोपीला इस्त्री केलीया. शनवारी संध्याकाळी ती समदी म्हातारी पयल्या रांगंत बसनार, आन मी काळा टीशर्ट घालून बाईंचं स्टूल सरकवून पडद्यामागं जानार. वाडीची नजर माझ्या पाठीवर. आबाची मान खाली.

लाजंपाय पळायचा बी इचार आला. आजारी पडावं म्हनलं. पर आबाला आसल्या खोट्यापायी जीपीतनं सांगलीपातूर आनायचं म्हंजी लय झालं. फोन लावला.

"आबा, त्यो फ्लेक्स उतरवा."

"का रं? काल हळदकुकू लावलं म्या त्येला."

"आबा, मी पेटीवर न्हाई. पेटीखाली हाय. मी उचलतो निस्ता. वाजवत्यात बाई."

पलीकडं शेरडू वरडल्यालं ऐकू आलं. आबानं त्येला हाकललं. मग म्हनला, "मंग हात?"

"काय हात?"

"ठीक हायती न्हवं? आसलं धूड उतरवताना बोटं घावत्यात मधी."

"एक नख गेलंया. बाकी ठीक."

"सांगलीत पायऱ्या हायत्या का?"

"हायत्या की."

"मंग संध्याकाळी कशाला? सकाळीच येतो मंडळ घिऊन."

"आवं आबा, तुमची वयं काय, जड आसतंय ते!"

"गप. तुझा सूर सोसला आमी. पियानो काय जड हाय व्हय?"

तर येनाऱ्यास्नी एकच सांगनं. मधी वाजवायचं थांबलं की संपलं समजून टाळ्या देऊ नगा. मी दिल्याल्या एकदा, एकट्यानं, पडद्यामागनं.

लाज गेली आसं न्हाई. शनवारी सकाळी पांढऱ्या टोप्या मालकाम्होरं पियानोला हात लावनार, ह्या इचारानं आत्ताच कान तापल्यात. पर पियानो चढवताना मी वरल्या अंगानं पाठमोरा आसतो, मला पायरी दिसत न्हाई. समोरच्यानं वरडायचं, "पायरी!" पुन्यात त्यो कोन बी आसतो, आज ह्यो, उद्या त्यो. शनवारी आबा आसनार. माझं घर कुठं, आसं कुनी इचारलं तर 'पायरी!' वरडनारा आपला मानूस जितं तितं, एवढंच आता मला सांगता येतंय.

फ्लेक्स आबा उतरवनार न्हाई. म्हनला, "पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर घालू."

मी इचारलं, "फोटू वर का खाली?"

"खाली," आबा म्हनला. "तुला सवय हाय."